सेंद्रिय परवडत नाही म्हणून भाजी कमी करू नका

‘डॉक्टर, बाजारातली भाजी हल्ली जीएम असते म्हणतात. मग मुलांना सेंद्रियच द्यायची का?’ ठाण्याच्या वर्तकनगरमध्ये हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणाऱ्यांत बाळंतीण असते, मधुमेहाचे आजोबा असतात, म्हाडा वसाहतीतली एका पगारावर घर चालवणारी गृहिणीही असते. काळजी वाटते ती या शेवटच्या घराची. सेंद्रियचे भाव ऐकून तिथली पालेभाजी आठवड्यातून एकदाच होऊ लागते आणि उरलेले दिवस बटाट्यावर निघतात.

म्हणून आधी वस्तुस्थिती सांगतो. जनुकबदल केलेलं, म्हणजेच जीएम, असं एकच पीक आपल्या देशात परवानगीने शेतकऱ्यांच्या शेतात उभं आहे, ते म्हणजे बीटी कापूस. त्याला २००२ साली मान्यता मिळाली. जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने त्याला होकारही दिला. पण नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्यावर तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. २०१९ मध्ये हरियाणात चोरून लावलेली अशी वांगी सापडली, तेव्हा ती झाडं उपटून टाकण्यात आली. जीएम मोहरीला २०२२ मध्ये समितीची मंजुरी मिळाली, पण ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

थोडक्यात, तुम्ही घेता तो लालबुंद टोमॅटो, स्वीट कॉर्न, ब्रोकोली, बिनबियांची द्राक्षं किंवा तैवान पपई जीएम नाही. हे सगळे संकरातून किंवा निवडीतून तयार झालेले वाण आहेत.

जीएम आपल्या स्वयंपाकघरात पोहोचतं ते तेलातून. बीटी कापसाच्या सरकीचं तेल अनेक वर्षं आपल्या खाण्यात आहे. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येणारं सोयाबीन तेलही बहुतांशी जीएम सोयाबीनचंच असतं. मात्र जनुकबदलामुळे जी प्रथिनं तयार होतात, ती रिफाइंड तेलात जवळजवळ उरतच नाहीत. त्या तेलाने तुमचं वजन वाढतं, ते त्याच्या प्रमाणामुळे. घाण्याचं महागडं तेल आणून त्यातच रोज भजी तळली, तर हृदयाला काहीच फायदा नाही.

बीटी हे मातीतल्या एका जिवाणूचं नाव आहे. त्याचं प्रथिन बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, तिथल्या ठरावीक जागी चिकटतं आणि अळी मरते. माणसाचं जठर आम्लधर्मी असतं आणि ती चिकटण्याची जागा आपल्या आतड्यात नसते. सेंद्रिय शेतीतही याच जिवाणूची फवारणी चालते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं. बाजारात असलेल्या जीएम पिकांपासून माणसाच्या आरोग्याला इतर पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे : थेट खाण्याचं प्रत्येक नवं जीएम पीक स्वतंत्रपणे, कंपनीबाहेरच्या लोकांनी तपासायला हवं आणि पाकिटावर तसं ठळक छापायला हवं. आपण काय खातो हे कळणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

आता सेंद्रियबद्दल. सेंद्रिय भाजीफळांत कीटकनाशकांचे अंश कमी आढळतात, हे खरं. जीवनसत्त्वं आणि खनिजांत मात्र फार मोठा फरक दिसत नाही. परवडत असेल तर जरूर घ्या. गरोदर स्त्री किंवा लहान मूल घरात असेल, तर सालासकट किंवा कच्चं खाल्लं जाणारं आधी निवडा : द्राक्षं, कोथिंबीर, काकडी. पाकिटावर ‘जैविक भारत’ची खूण पाहा. पावसाळ्यात येऊरच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी विकायला आणतात. त्या रानभाज्यांवर कुठलं प्रमाणपत्र नसतं आणि फवारणीही नसते. त्या अवश्य घ्या.

पण सेंद्रिय म्हणजे निर्जंतुक नव्हे. २०११ साली जर्मनीत एका सेंद्रिय शेतावरच्या मोड आलेल्या कडधान्यांतून ई-कोलायचा घातक प्रकार पसरला. पन्नासहून अधिक माणसं दगावली. संशय मेथीच्या बियांवर गेला. म्हणून गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि केमोथेरपी घेणाऱ्यांनी मोड कच्चे खाऊ नयेत, त्यांची उसळ करावी.

साधी भाजीही नीट वापरली तर उत्तम. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कोबीची वरची पानं काढून टाका. लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून फळं पंधरा मिनिटं ठेवली आणि पुन्हा धुतली, तर सालीवरचे काही अंश निघतात. साबण वापरू नका. आत मुरलेलं औषध धुऊन जात नाही, तरीही बटाटे-रताळी सोडून दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खावीत, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. न खाण्याचं नुकसान त्या अंशांपेक्षा कितीतरी मोठं आहे.

कीटकनाशकांचा सर्वांत मोठा घाव ताटावर बसत नाही, शेतात बसतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पीक बीटीच होतं. पण बीटी बोंडअळीसाठी असतं, तुडतुडे-पांढऱ्या माशीवर ते चालत नाही आणि बोंडअळीही त्याला दाद देईनाशी झाली होती. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, उकाड्यात, मास्क-हातमोज्यांशिवाय, दोन-तीन औषधं एकत्र करून माणसं फवारत होती.

तुमच्यापैकी अनेकांचे भाऊ, काका विदर्भ-मराठवाड्यात कापूस पिकवतात. त्यांना आज फोन करा. औषधं एकमेकांत मिसळू नका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे, मास्क, हातमोजे घाला, एवढं सांगा. फवारणीनंतर दरदरून घाम, लाळ, उलट्या, अंधूक दिसणं, श्वासाला त्रास यांपैकी काहीही झालं, तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवा, उलटी मुद्दाम करवू नका, १०८ वर फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरचं नाव दिसलं की उपचार ताबडतोब सुरू होतात.