बॅले आणि वय : मनीष चौहान व आमिरुद्दीन शाह



"आता अभ्यास करू दे, नाच वगैरे दहावीनंतर बघू." आपल्या नाशिकमधल्या कुठल्याही पालकसभेत हे वाक्य ऐकायला मिळतं. त्यातून मुलगा असेल तर विषय तिथेच संपतो. म्हणून आज मुंबई परिसरातल्या दोन मुलांबद्दल वाचूया.

मनीष चौहानचे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे. आमिरुद्दीन शाहचे वडील वेल्डिंगचं काम करायचे. दोघेही कोलांट्या उड्या आणि रस्त्यावरचा नाच करणारे. मुंबईच्या डान्सवर्क्स या संस्थेत त्यांना येहुदा माओर भेटले. हे इस्रायली-अमेरिकन बॅले शिक्षक सत्तरीच्या आसपास भारतात शिकवायला आले होते. त्यांनी दोघांनाही बॅलेची तालीम दिली. एकच गुरू, एकच वर्ग, घरची परिस्थितीही जवळपास सारखीच. फरक एवढाच की आमिर शाळकरी वयाचा होता आणि मनीष विशीत पोहोचला होता.

एवढ्याशा फरकाने काय होतं? बॅलेत पाय खुब्यापासून बाहेरच्या बाजूला वळवावे लागतात. याला 'टर्नआउट' म्हणतात. तुमची मुलगी भरतनाट्यम शिकत असेल तर तिला आरामंडी करून दाखवायला सांगा, चटकन लक्षात येईल. बॅलेतलं 'प्लिए' बरंचसं तसंच असतं. शरीर वाढत असतानाच ही सवय लागली तर स्नायू आणि सांधे तिला साथ देतात. म्हणून बरेच बॅले नर्तक आठ-दहा वर्षांचे असतानाच सुरुवात करतात. विशीत ताकद भरपूर असते, मेहनतही दुप्पट करता येते, पण खुब्याची ठेवण बदलत नाही. (बॅलेतले शब्द फ्रेंच का, असं मुलं हमखास विचारतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची अकादमी काढली, आणि शिस्तीबरोबर भाषाही तिथलीच राहिली.)

आमिर २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. खर्चासाठी लोकांकडून वर्गणी जमवावी लागली. मनीषची वाट लांबची ठरली. मोठ्या बॅले कंपन्यांच्या दृष्टीने त्याने उशिरा सुरुवात केली होती. पुढे तो कंटेम्पररी नृत्याकडे वळला आणि परदेशात नर्तक म्हणूनच उभा राहिला. त्याच्यावरचा 'कॉल मी डान्सर' हा माहितीपट जरूर बघा. त्यात यशाच्या टाळ्यांपेक्षा घरची ओढाताण जास्त दिसते, आणि मला तीच जास्त खरी वाटली. सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' (२०२०) दोघांच्या आयुष्यावर बेतलेला आहे. त्यात मनीषने स्वतःच काम केलंय. तो थोडा फिल्मी आहे, पण मुलांना आवडतो.

पालकहो, मनीषच्या घरचे चुकले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. टॅक्सीवर घर चालवणाऱ्या माणसाने मुलाच्या नोकरीची काळजी करायची नाही तर कोणी करायची? पण 'दहावीनंतर बघू' म्हणताना आपण निर्णय पुढे ढकलत नसतो. काही कलांच्या बाबतीत तो त्याच क्षणी झालेला असतो. चित्रकला किंवा लेखन थांबू शकतं. बॅले, जिम्नॅस्टिक्स थांबत नाहीत.

सातवी-आठवीच्या वर्गात हा पाठ घेताना मुलांना एवढंच विचारा : मनीषच्या वडिलांच्या जागी तुम्ही असता, तर घरी काय बोलला असता? उत्तरं वहीत लिहून घ्या आणि पुढच्या पालकसभेत मुलांची नावं न सांगता वाचून दाखवा.