मागचा ब्रेक : दुरुस्ती आणि स्वच्छता

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• द्रवदाबावर चालणाऱ्या ब्रेकचे कार्य सांगू शकाल;
• दुरुस्तीत स्वच्छतेचे महत्त्व स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ
दिल्लीच्या करोल बाग भागात मोटारसायकलींचे सुटे भाग विकणारी व दुरुस्तीची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. तेथील कारागिरांच्या हातांखालून जाणाऱ्या कामांत मागच्या डिस्क ब्रेकचे काम विशेष जबाबदारीचे असते. इंजिन बिघडले तर गाडी चालत नाही. ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. पायाने पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. तो दाब नळीतून कॅलिपरपर्यंत जातो आणि तेथील दट्ट्या पॅडना डिस्कवर आवळतो.

सामान्यतः वापरले जाणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले, की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ब्रेक फार तापल्यास त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव सहसा दबत नाही, वाफ मात्र दबते. मग पेडल खोल जाते आणि चाकाला पकड मिळत नाही. ओलाव्यामुळे आतील भागांना गंजही चढतो. म्हणून साधारणपणे दोन वर्षांनी ऑइल बदलावे.

दुरुस्तीपूर्वी जुने ऑइल काढून टाकावे. ते रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. कॅलिपर उघडून दट्ट्या सावकाश बाहेर काढावा. त्यासाठी हवेचा दाब वापरल्यास समोर जाड कापड धरावे व बोटे दूर ठेवावीत. रबरी सील लाकडी काडीने काढावे. लोखंडी टोकाने खोबणीवर ओरखडा पडतो. खोबणीत साचलेला कठीण थर निघाला नाही, तर नवे सीलही नीट बसत नाही. भाग धुण्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, कारण त्याने रबर फुगते. ब्रेक क्लीनर वापरावे. दट्ट्यावर गंजाचे खड्डे दिसल्यास तो बदलावा. नवे सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवावे.

जोडणीनंतर नळीतील हवा काढावी. टाकी भरून पेडल दाबून धरावे, कॅलिपरचे निपल किंचित सैल करावे, ते पुन्हा आवळल्यावरच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत ही क्रिया करावी व टाकी रिकामी होऊ देऊ नये. एबीएस असलेल्या गाडीसाठी उत्पादकाची पुस्तिका पाहावी. शेवटी पेडल घट्ट लागते का, हे तपासून मोकळ्या जागी अगदी कमी वेगाने चाचणी घ्यावी.

या कामातील स्वच्छता गिऱ्हाइकाला दिसत नाही. परंतु त्याचा जीव तिच्यावरच अवलंबून असतो.

शब्दार्थ
दट्ट्या – पिस्टन. उत्कलनबिंदू – द्रव उकळण्याचे तापमान. खोबणी – सील बसण्याची खाच

पाठगत प्रश्न
१. ब्रेक ऑइलमध्ये पाणी मिसळल्यास पेडल खोल का जाते?
२. सील काढण्यासाठी लाकडी काडी का वापरावी?
३. निपल आवळण्यापूर्वी पेडल सोडल्यास काय होईल? विचार करून लिहा.