मैदान गेलं कुठे?

प्रश्न : लंडनला मुलाकडे गेलो होतो, तेव्हा भुयारी रेल्वेच्या आर्सेनल स्थानकावर मुद्दाम उतरलो. जवळच्या रस्त्यावर आर्सेनल फुटबॉल क्लबचं नाव मिरवणारी झोकदार जुनी इमारत दिसली. पण तिच्यात लोक राहतात! मग मैदान गेलं कुठे?

उत्तर : मैदान तिथंच आहे, आता त्याची बाग झालीय. तुम्ही पाहिलीत ती इमारत म्हणजे हायबरी या क्लबच्या जुन्या मैदानाचा ईस्ट स्टँड, १९३६ सालचा.

आर्सेनल मूळचा थेम्सच्या दक्षिणेचा, वूलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांचा क्लब. तिकडे प्रेक्षक जमेनात, पैशांची ओढाताण. म्हणून चेअरमन हेन्री नॉरिस यांनी १९१३मध्ये बिऱ्हाड उत्तर लंडनला हलवलं. जागा मिळाली ती एका धर्मशास्त्र महाविद्यालयाचं पटांगण. भाडेपट्टा २१ वर्षांचा, रक्कम २० हजार पौंड आणि सही खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपची! अटीही तशाच सोवळ्या : गुड फ्रायडे आणि नाताळला सामना नाही, आवारात दारू नाही. ६ सप्टेंबरला लेस्टर फॉसशी पहिला सामना झाला, तेव्हा बांधकाम निम्मंअधिक बाकी होतं. जखमी खेळाडूला चक्क दूधवाल्याच्या गाडीतून न्यावं लागलं. सामना मात्र २-१ असा जिंकला. पुढे १९२५मध्ये ६४ हजार पौंड मोजून क्लबने जागाच विकत घेतली.

तुमच्या त्या स्थानकाचं मूळ नाव गिलेस्पी रोड. मॅनेजर हर्बर्ट चॅपमन रेल्वेवाल्यांच्या हात धुऊन मागे लागले आणि १९३२मध्ये ते बदलून घेतलं. जाहिरातीचा खर्च शून्य! फलाटाच्या भिंतीवरच्या फरश्यांत जुनं नाव अजून वाचता येतं.

१९३५मध्ये सुंदरलंडविरुद्ध इथं ७३,२९५ माणसं दाटीवाटीने उभी होती. हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची देणं बंधनकारक झालं आणि हायबरीत जेमतेम ३८ हजार मावू लागले. वाढवायचं म्हटलं तर चहूबाजूंनी लोकांची घरं. परसदाराला टेकलेलं मैदान ही हायबरीची गंमत होती, तीच तिच्या मुळावर आली. ७ मे २००६ला विगनविरुद्ध शेवटचा सामना झाला. थिएरी हेन्रीने तीन गोल केले आणि गवताचं चुंबन घेतलं. क्लब पाचेकशे मीटरवरच्या, साठ हजारांच्या एमिरेट्स स्टेडियमवर गेला.

ईस्ट स्टँड संरक्षित वास्तूंच्या यादीत होता, म्हणून त्याला हात लावता आला नाही. वेस्ट स्टँडचा दर्शनी भागही राखला. दोन्हींच्या आत फ्लॅट झाले, बाकीचे दोन स्टँड पाडले. माझ्या मते यात वाईट काही झालं नाही. नुसत्या पाटीपेक्षा उभी भिंत केव्हाही बरी.

पुन्हा गेलात तर फलाटावर मान वर करून ‘गिलेस्पी रोड’ वाचायला विसरू नका.