आधी बेल्ट, मग चावी

तू विचारलंस, "ताई, गाडीला दोन एअरबॅग आहेत, मग शहापूरच्या बाजारापर्यंत जायला बेल्ट कशाला?" विचारलंस ते बरं केलंस गं. आपल्याकडे हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, पण विचारत कुणी नाही. नाक्यावर पोलीस दिसला की पट्टा ओढून नुसता मांडीवर धरायचा आणि नाका मागे पडला की सोडून द्यायचा, असंच चाललेलं असतं.

खरं सांगू का, एअरबॅग बेतलेली असते ती बेल्ट लावून बसलेल्या माणसासाठी. बेल्ट नसेल तर तीच एअरबॅग तुला इजा करू शकते. कशी ते सांगते, घाबरू नकोस.

समज, किन्हवलीहून सरळगावकडे निघालीस. वेग ताशी ५०, म्हणजे काही फार नाही. वळणावर समोरून डंपर आला आणि धडक झाली. गाडी थांबते, पण तू थांबत नाहीस. तुझं अंग त्याच वेगाने पुढे जात राहतं. ताशी ५० म्हणजे हिशेबाने जवळजवळ १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं. हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून सावरता येईल, असं वाटतं ना? नाही येत. कुणालाच येत नाही.

इथे पहिला धावतो बेल्ट. एरवी तो सैल असतो. तू वाकून पर्स उचललीस तरी सोबत येतो. पण झटका बसला की त्याचं रीळ जागीच अडकतं. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये रिळापाशी थोडीशी दारू भरलेली असते (ती नव्हे गं, स्फोटाची!). धडक बसताक्षणी ती पेटते आणि सैल राहिलेला पट्टा काही बोटं मागे खेचून तुला सीटला आवळून धरते. त्याच वेळी गाडीतला छोटा कॉम्प्युटर धडक किती जोराची आहे ते जोखत असतो आणि जोराची असेल तर एअरबॅगला इशारा देतो. पिशवी भरायला साधारण ३० ते ४० मिलिसेकंद लागतात. बघ, पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

वरून टाकलेला नारळ झेलताना आपण हात थोडे खाली नेतो, नाहीतर तळवे सोलवटतील. बेल्ट आणि एअरबॅग मिळून तुला तसंच झेलतात. बेल्ट आधी घट्ट धरतो आणि छातीवरचा ताण फार वाढला की नव्या गाड्यांमध्ये जरासा सैल होतो. तेवढ्या अवधीत तुझं डोकं फुगलेल्या पिशवीत टेकतं, तिच्या भोकांतून हवा निघत जाते आणि तू हळूहळू थांबतेस. दोघांची वेळ आणि अंतर एकमेकांशी जुळवलेलं असतं.

आता बेल्ट काढून बघ. धडकेआधी ब्रेक दाबताच तू पुढे सरकलेली असतेस. पिशवी भरून तयार होण्याआधीच तुझं तोंड तिच्यापाशी पोचतं, आणि ती तर ताशी दोन-तीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर येत असते. म्हणजे मऊ पिशवीऐवजी थप्पडच. शिवाय एअरबॅग एकदाच फुगते आणि लगेच बसते. माळशेजच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात गाडी आधी कठड्याला घासली, मग उलटली, मग कशावर तरी आदळली, तर पुढची एअरबॅग दुसऱ्यांदा काही फुगत नाही. गाडी उलटली किंवा मागून ठोकर बसली तर ती बहुधा उघडतही नाही. शेवटपर्यंत धरून ठेवतो तो पट्टाच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका एकट्या बेल्टने निम्म्याच्या आसपास कमी होतो.

तू म्हणशील, एरवी आपण बायका पुढे बसतो कुठे, मुलांना घेऊन मागेच असतो. तेच तर सांगायचंय. ४ सप्टेंबर २०२२ आठवतो? मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले. तो भाग २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. गाडी महागडी मर्सिडीज, एअरबॅगची काही कमतरता नव्हती. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्याआधी ३ जून २०१४ ला दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गाडीच्या अपघातात गेले, तेही मागच्या सीटवर होते. दोन्ही वेळा महिनाभर सगळीकडे मागच्या बेल्टची चर्चा झाली, आणि मग मागचे पट्टे पुन्हा सीट कव्हरखाली गेले. मला याचा राग येतो, काय सांगू!

मागच्या माणसाला बहुतेक गाड्यांत समोर एअरबॅग नसते, असतं ते फक्त पुढच्या सीटचं पाठाड. बेल्ट नसलेला माणूस मागून त्या पाठाडावर आदळला की पुढे बेल्ट लावून बसलेलाही चेपला जातो. तेव्हा सासूबाई "मला गुदमरतं" म्हणाल्या, तर "तुमच्यासाठी नाही आई, तुमच्या लेकासाठी लावा" असं सांग. हा उपाय लागू पडतो, करून बघ.

आणि बाळ. मांडीवरचं बाळ म्हणजे आपल्याला वाटतं सगळ्यात सुरक्षित. पण ताशी ५० च्या धडकेत १० किलोचं लेकरू हाताला दोनशे किलोच्या घरात जड होतं. सुटणारच. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलंस तर ते तुझ्या आणि फुगत्या एअरबॅगच्या मध्ये सापडतं, त्यासारखं वाईट काही नाही. मुलं मागेच, जमलं तर त्यांच्या मापाच्या बेबी सीटमध्ये. मागे तोंड करून बसवायची सीट पुढच्या चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही, कधीही म्हणजे कधीही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातही १४ वर्षांखालच्या मुलांसाठी बेल्ट किंवा बेबी सीट हवी असं वेगळं नमूद आहे, आणि नसेल तर दंड १००० रुपये आहे. एकदम बेबी सीट घेणं परवडत नाही हे मलाही कळतं. ओळखीत कुणाची मुलं मोठी झाली असतील तर मागून आण, फक्त ती सीट अपघातातून गेलेली नको.

तुझ्या जावेला दिवस गेलेत ना? तिने बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर. वरचा छातीच्या मधून पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा घ्यायचा नाही. सीट जमेल तेवढी मागे. साडीचं म्हणशील तर पदर आधी नीट घे आणि पट्टा त्याच्यावरून सपाट बसव. पिळा पडलेला पट्टा रुततो. काखेखालून घ्यायचा नाही, त्याने बरगड्या मोडतात.

तुझी बसायची पद्धतही बघू दे. मी नवी शिकले तेव्हा स्टिअरिंगला इतकी चिकटून बसायचे की वळणावर हॉर्न पोटानेच वाजायचा आणि माणसं उगाच बाजूला व्हायची! छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडं जास्त अंतर हवं. उंची कमी पडली तर सीट वर घे, पुढे नको. आणि डॅशबोर्डवरचा बाप्पा डाव्या बाजूला नेमका एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलाय का ते बघ. पिशवी उघडली की तो थेट तोंडावर येईल. त्याला मधे बसव, तो रागावणार नाही. त्या झाकणावर पाय ठेवून बसणाऱ्या भाच्याला मात्र तू खुशाल रागाव.

गाडी सेकंडहॅंड आहे म्हणून काळजीत आहेस, त्याचं सांगते. चावी फिरवलीस की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. तसं झालं तर ठीक. लागून राहिला तर सर्व्हिस सेंटरला दाखव. मुळीच लागला नाही तर जास्त शंका घे, कारण अपघातात उघडलेली एअरबॅग न बदलता नुसता दिवाच काढून विकलेल्या गाड्याही असतात. पट्टा झटक्याने ओढून बघ, अडकायला हवा. कडा उसवल्या असतील तर शिवून घेऊ नकोस, बदलून घे. नणंदेची गाडी जुनी आहे ना? ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारची २०२१ मध्ये. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये एकही नसू शकते. तिथे पट्टा हाच काय तो आधार.

बेल्टचा टुंगटुंग आवाज बंद करायला मिळते ती क्लिप कुणी भेट दिली तरी घेऊ नकोस. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. काही गाड्या एअरबॅग कशी उघडायची ते ठरवताना बेल्ट लागलाय का हेही बघतात, आणि ती क्लिप गाडीला खोटं सांगते.

आणखी एक, कधी खरंच एअरबॅग उघडली तर मोठा आवाज होतो आणि पांढरी पूड धुरासारखी उडते. गाडी पेटली असं वाटून हबकू नकोस. इंजिन बंद कर, बेल्ट सोड, मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला हो आणि ११२ लाव.

एवढं सगळं एका दिवसात नको करूस, तुला आधीच शाळा, घर, भाताची लावणी. म्हसा रोडने शनिवारी येशील ना, तेव्हा गाडी घेऊनच ये. मागची बकलं कव्हराच्या फटीत गेली असतील, दोघी मिळून उचकटून काढू. येताना जुना कंगवा आण, फटीत घालायला बरा पडतो.