टिक केली, रकाने गेले… खरंच गेले?

अगं, तुझा फॉर्म पाहिला. 'कायमचा आणि सध्याचा पत्ता एकच आहे' यावर टिक केली की सध्याच्या पत्त्याचे रकाने गायब होतात. छान जमलंय. पण याच जागी मी फसले होते, म्हणून सांगते.

औरंगपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात सिल्लोडहून रोज एसटीनं ये-जा करणारी एक मुलगी मी बनवलेला प्रवेशाचा फॉर्म भरत होती. दोन्ही पत्ते एकच, म्हणून तिनं टिक केली. रकाने गेले. 'सबमिट' दाबलं, काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग हळूच म्हणाली, "ताई, माझंच काही चुकतंय का?" माझ्या पोटात कालवलं गं. चूक माझी होती.

रकाने मी फक्त डोळ्यांआड केले होते, 'रिक्वायर्ड' तसंच राहिलं होतं. रिकामा रकाना पाहून ब्राउझरनं फॉर्म अडवला, पण सूचना दाखवायला रकानाच समोर नव्हता. कारण फक्त कन्सोलमध्ये उमटलं. तिथं ती बिचारी कशाला बघेल?

म्हणून ते सगळे रकाने एका फील्डसेटमध्ये घाल आणि टिक होताच त्याला 'हिडन' आणि 'डिसेबल्ड' दोन्ही लाव. डिसेबल्ड रकाना तपासलाही जात नाही, पाठवलाही जात नाही. नाहीतर कुणी आधी पदमपुऱ्यातल्या खोलीचा पत्ता लिहून मग टिक केली, तर तो न दिसणारा पत्ता गुपचूप सर्व्हरवर जातो. सीएसएसच्या 'हॅज'नं जावास्क्रिप्टशिवायही लपवता येतं हल्ली, पण त्यानं रकाना डिसेबल होत नाही. पत्त्यासाठी मी ते वापरणार नाही.

टिक पाहून हे दोन्ही लावणारं फंक्शन पान उघडतानाही एकदा चालव. फायरफॉक्स रिफ्रेशनंतरही टिक जपून ठेवतो, मग टिक आहे आणि रकानेही दिसतायत, असा घोळ होतो. टिकेशेजारचं वाक्य लेबलमध्ये घाल, मोबाइलवर बोट त्या इवल्या चौकोनावर नेमकं पडत नाही. आणि टिक नसलेल्या चेकबॉक्सचं नावही सर्व्हरपर्यंत पोचत नाही, तेव्हा नाव आलं नाही म्हणजे 'टिक नाही' असंच तिथं धर.

संध्याकाळी येताना लॅपटॉप आण. आधी पत्ता भरू, मग टिक करू, आणि सर्व्हरवर नेमकं काय पोचलं ते दोघी बसून बघू.