चांद्याचं कपाळ: अपुऱ्या फोटोंवरून चित्र काढताना

चांद्याला मी कधीच पाहिलं नाही. तो मागच्या हिवाळ्यात गेला. उन्हाळ्यात माझ्या वर्गमैत्रिणीचे बाबा फोनवर म्हणाले, "पोरी, तू चित्रं काढतेस म्हणे. आमच्या बैलाचं एक काढून दे. फुकट नको, पैसे घे." पोळ्याच्या आत हवं होतं. मी हो म्हटलं. मग व्हॉट्सअॅपवर अकरा फोटो आले आणि आपण काय कबूल करून बसलो आहोत ते कळलं.

अकरांपैकी आठ फोटो पोळ्याचे. पोळ्याला बैल नटलेला असतो. अंगावर झूल, शिंगांना रंग आणि बेगड, गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर बाशिंग. म्हणजे बैल सोडून बाकी सगळं दिसतं. उरलेल्या तिनांत एक रात्री गोठ्यात फ्लॅश मारून काढलेला, एक खूप हललेला, आणि एक बैलगाडीत बसलेल्या भाच्याचा, ज्यात चांद्या कोपऱ्यात अर्धा कापला गेलाय. एरवी बैलाचा फोटो कोणी मुद्दाम काढत नाही. माणसांचा काढताना त्यात बैल येतो. कपाळावरच्या ज्या पांढऱ्या डागावरून त्याचं नाव चांद्या पडलं, तो डाग अकरा फोटोंत एकदाही नीट दिसत नव्हता. पोळ्याला तो बाशिंगाखाली, आणि फ्लॅशमध्ये सगळं कपाळच पांढरं झालेलं.

आपल्या मंडळात हौसेनं चित्र काढणारे बरेच आहेत, आणि 'आमच्या कुत्र्याचं पोर्ट्रेट काढून देशील का' ही विचारणा कधी ना कधी प्रत्येकाला होते. म्हणून जे शिकले ते लिहिते.

फोटो कुठे खोटं बोलतो ते आधी ओळखायचं. मोबाइल जवळ नेऊन फोटो काढला की जवळची वस्तू फुगते आणि लांबची आक्रसते. त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत नाकपुड्या मोठ्या आणि शिंगं बारकी दिसतात. हे प्रमाण तसंच कॅनव्हासवर उतरवलं तर चित्र व्यंगचित्र होतं. प्रमाण लांबून काढलेल्या फोटोतून घ्यायचं, केसांचं वळण जवळच्या फोटोतून. फ्लॅशमध्ये जनावराचे डोळे हिरवट चमकतात, कारण बुबुळाच्या मागे उजेड परतवणारा एक थर असतो. ती चमक रंगवायची नाही. बैलाची बाहुली आडवी, लांबट असते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, माणसासारखे समोर नव्हे. माझ्या पहिल्या रेखाटनात मी ते नकळत समोर आणले होते आणि चांद्या शाळामास्तरासारखा दिसत होता!

रंगाचा प्रश्न वेगळा. चांद्या तांबडा, लाल कंधारीच्या वळणाचा. गोठ्यातल्या पिवळ्या बल्बखाली तो नारिंगी दिसत होता, पोळ्याच्या उन्हात जवळजवळ काळा. इथे एक युक्ती कामाला आली. फोटोत एखादी अशी वस्तू शोधायची जिचा खरा रंग आपल्याला ठाऊक आहे. एका फोटोत काकांचं पांढरं धोतर होतं. ते जितकं पिवळं दिसत होतं, तितका पिवळेपणा बैलाच्या अंगातूनही मनातल्या मनात वजा केला. मापाचंही तसंच. दुसऱ्या फोटोत स्टीलची बादली त्याच्या पुढच्या पायाला टेकलेली होती. ती बादली अजून घरात आहे. मैत्रिणीनं टेप लावून उंची सांगितली, तिच्यावरून पायाची आणि वशिंडाची उंची काढली. आणि हो, फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. एरवी व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि केस, पापण्या सगळं सपाट होतं.

एवढं करूनही कपाळ रिकामंच. मग मी सगळे करतात तेच केलं. इंटरनेटवरून तांबड्या बैलांचे फोटो काढले, त्यातलं एक छानसं अर्धचंद्राचं कपाळ निवडलं आणि चांद्याला लावलं. दिसायला सुंदर झालं होतं.

न पाहिलेली जागा अंदाजानं भरली की काय होतं, याचं जगातलं प्रसिद्ध उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरून गेलेलं आहे. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. त्यानं तो गोव्याहून जहाजावर चढवून आपल्या राजाकडे पाठवला, आणि मे 1515 मध्ये तो लिस्बनला उतरला. जर्मनीत न्यूरेंबर्गला बसलेल्या आल्ब्रेख्ट ड्यूररनं तो कधीच पाहिला नाही. त्याच्या हाती आलं एक पत्र आणि एक रेखाटन. त्यावरून त्यानं लाकडी ठशाचं जे चित्र केलं त्यात गेंड्याची कातडी लोखंडी चिलखतासारखी आहे आणि खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंग आहे. चित्र इतकं दमदार की पुढे दोन शतकांहून जास्त काळ युरोपातल्या पुस्तकांत तेच शिंग छापलं जात राहिलं. खरा गेंडा बिचारा पोप दहावा लिओ यांच्याकडे नजराणा म्हणून जाताना जहाजासकट बुडाला. म्हणजे चूक दाखवायलाही कोणी उरलं नाही.

माझ्या अर्धचंद्राची चूक दाखवायला मात्र माणसं होती. रेखाटन घेऊन मी जैनथला गेले. आदिलाबाद जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या अलीकडचं गाव; कापसाची काळी जमीन, घरात मराठी आणि बाजारात तेलुगू. लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ पाहायला लोक तिथे जातात. मी गेले ते रिकामा गोठा पाहायला. काकांनी चित्र हातात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि "चांगलं आहे" म्हणाले. काकूंनी लांबूनच मान हलवली. "पोरी, हे कोण्या दुसऱ्याच बैलाचं तोंड व्हय."

मी काकांना विचारलं, चांद कसा होता? त्यांनी तळहाताएवढा गोल दाखवला. काकू म्हणाल्या, छे, बोटभर लांब, खाली निमुळता, आणि जरासा डावीकडे कललेला. दोघांचं जमेना. मी काकांवर विश्वास ठेवायच्या बेतात होते, कारण बारा वर्षं बैल त्यांनी हाकला. मग काकूच म्हणाल्या, "ते तर जन्मभर त्याच्या मागं चालले. पेंड, पाणी मी ठेवत होती. तोंड माझ्याकडं होतं."

हे ऐकलं आणि मला वर्गात शिकलेली पाठचिकित्सा आठवली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात राशोलला छापलं गेलं, पण त्या छापील प्रती आज हाती नाहीत. आपण वाचतो ते नंतरच्या नकलांवरून. 1907 ची मंगळूरची रोमन लिपीतली आवृत्ती एकीकडे, लंडनमधली देवनागरी हस्तलिखित प्रत दुसरीकडे. अशा वेळी सगळ्यात सुबक प्रत कुठली हा प्रश्नच नसतो. कुठल्या नकलकाराला काय नीट माहीत असेल आणि तो कुठे चुकेल, हे पाहावं लागतं. एकच साक्षीदार सगळ्याच बाबतीत खरा नसतो.

म्हणून मी कपाळ, डोळे आणि नाक काकूंना विचारलं. शिंगांची टोकं, वशिंड, पाठ आणि चाल काकांना. काका पाठीबद्दल बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, हा माणूस मघाशी 'चांगलं आहे' म्हणून गप्प का झाला ते आता कळलं. त्यांनी अंगणात काठीनं वशिंडाची रेघ काढली. उजवीकडे किंचित झुकलेलं. डाव्या शिंगाचं टोक आत वळलेलं. मागून पाहिलं की चालताना डावा कान आधी हलायचा, म्हणाले. घरी येऊन हललेला फोटो पुन्हा उघडला. त्यात खरंच फक्त डावा कान पुसट झाला होता. टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेला तोच फोटो शेवटी सगळ्यात उपयोगी पडला.

रचना बदलली. आता चांद्या पाठमोरा, थोडा तिरका उभा आहे आणि हाक ऐकल्यासारखी मान वळवतोय. पाठ काकांची, तोंड काकूंचं. 16 बाय 20 इंचाचा कॅनव्हास, अॅक्रिलिक. तांबड्यासाठी बर्न्ट सिएना. सावलीत काळा न घालता त्यातच थोडा अल्ट्रामरीन मिसळला, म्हणजे अंग मळकट होत नाही. चांद सगळ्यात शेवटी, काकूंना व्हिडिओ कॉलवर ठेवून काढला. "अजून खाली. बस. आता बारीक कर."

पोळ्याला आठ दिवस आहेत आणि एक काम अडलंय. सगळ्या फोटोंत चांद्याच्या नाकात वेसण आहे. काकू म्हणतात, आता तरी काढ ती. काका म्हणतात, वेसणीशिवाय मी त्याला कधी पाहिलंच नाही, मला तो ओळखू येणार नाही. नाकाची ती जागा मी अजून कोरी ठेवली आहे. उद्या दोघांना एकत्र फोन करणार आहे.