लघवीतील लॅक्टिक आम्ल : आकडा कसा वाचावा?

चारशे मीटर जीव तोडून धावलात की तुमच्या मांड्या भरून येतात. स्नायूंना त्या वेळी झटपट ऊर्जा हवी असते. ग्लुकोजचे विघटन वेगाने होते व लॅक्टिक आम्ल तयार होते. हेच आम्ल शेले या शास्त्रज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळे केले होते. विश्रांतीच्या वेळी एक लिटर रक्तात ते सुमारे १ मिलिमोल असते. अशा धावण्यानंतर दहापटीहून अधिक होऊ शकते.

मग लघवीतही ते भरपूर सापडत असेल? सहसा नाही. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीच्या पाण्याबरोबर बहुतेक सारे लॅक्टिक आम्लही रक्तात परत घेतले जाते. ते टाकाऊ नाही. हृदय ते इंधन म्हणून वापरते, तर यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. रक्तातील प्रमाण फार वाढले, तरच ते लघवीत लक्षणीय उतरते. म्हणून खेळाडूंच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतात. लघवीची तपासणी मुख्यतः मुलांतील जन्मजात चयापचय-विकार शोधताना उपयोगी पडते.

येथे एक अडचण येते. सरबतात पाणी ओतले की ते पातळ होते. पण लिंबू आणि साखर यांचे परस्परांशी प्रमाण बदलत नाही. लघवीचेही तसेच. भरपूर पाणी प्यायल्यास तिच्यातील प्रत्येक पदार्थ विरळ होतो. म्हणून लॅक्टिक आम्लाची तुलना क्रिएटिनीनशी करतात. स्नायूंतून निघणारा हा पदार्थ रोज जवळजवळ सारख्याच प्रमाणात बाहेर पडतो.

समजा, सकाळच्या नमुन्यात दर लिटरला लॅक्टिक आम्ल ०.३ व क्रिएटिनीन १५ मिलिमोल आहे. दुपारच्या नमुन्यात ०.१ व ५. पहिला आकडा तिप्पट दिसतो, पण दोन्ही गुणोत्तरे ०.०२ च आहेत. फरक केवळ पाण्याचा!

तरीही एका आकड्यावरून रोग ठरत नाही. लहान मुलांचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनीनही कमी. त्यामुळे तुलना त्या वयाच्या प्रमाणाशीच करावी लागते. नमुना उबेत राहिला, तर जिवाणूही लॅक्टिक आम्ल बनवू शकतात.

आता सोडवा : त्याच व्यक्तीच्या तिसऱ्या नमुन्यात लॅक्टिक आम्ल ०.२ व क्रिएटिनीन २ मिलिमोल आहे. सकाळच्या ०.३ पेक्षा हा आकडा लहान. मग डॉक्टर याच नमुन्याकडे अधिक लक्ष का देतील?